एकतीसपैकी तीन

"पाच," डोळे तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "पाचाच्या पुढे नाही उघडत आता." मोतीबिंदू धरतोय का ते बघायला मी गेले होते. तो धरत नव्हता, चष्म्याचा नंबर जुनाच निघाला आणि सिलिंडरचा नंबर तर मला जन्मात कधी नव्हता. सगळं आटोपल्यावर मीच म्हटलं की दिवा घालवून बाहुली अंधारात किती उघडते तेवढं मोजा. असं कुणी विचारत नाही, असं म्हणत का होईना, त्यांनी मोजलं. पाच मिलिमीटर. तरुणपणी सात असते, वयाबरोबर कमी होत जाते, त्याला इलाज नाही आणि मावशी, तुम्हाला कुठे अंधारात काही बघायचंय, असं म्हणून त्यांनी दिवा लावला. मी उठले. रस्त्यावर आले आणि औषधांच्या दुकानाच्या सावलीत पाच हा आकडा डोक्यात घेऊन उभी राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला कपाटातला सगळ्यात जाडजूड आयपीस आठवला, बेचाळीस मिलिमीटरचा. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला ज्या छोट्या नळकांड्याला आपण डोळा लावतो तो आयपीस. आमच्या दुर्बिणीच्या आरशावर बेचाळीसचा लावला की त्यातून प्रकाशाची सात मिलिमीटरची चकती बाहेर पडते, आणि माझ्या डोळ्याचं दार पाचाचं. म्हणजे आरशाने गोळा केलेला जवळजवळ निम्मा प्रकाश आत येतच नव्हता. माझ्या बुबुळावर सांडत होता, कोण जाणे किती वर्षं, आणि मला पत्ता नव्हता. मला राग आला. म्हातारपणाचा आला असता तर एक वेळ ठीक होतं, पण मला सांडण्याचा आला. बेचाळीसचा जाणार, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. आणि एकदा एक जाणार म्हटल्यावर उरलेल्या तिसांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले, तेही घरी पोहोचायच्या आत, चालता चालताच.

कपाटात एकतीस आहेत. लोखंडी कपाट, वरचे तीन कप्पे, प्रत्येक आयपीस आपापल्या डबीत, डबीवर प्राध्यापकांच्या अक्षरातली चिठ्ठी. प्राध्यापक म्हणजे माझे यजमान. कॉलेजात शिकवत, आणि घरीदारी सगळेच त्यांना प्राध्यापक म्हणत म्हणून मीही म्हणू लागले, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. चार आयपीस तर नुसते दहाचे आहेत. दहाचा एक असताना दुसरा कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते की ह्याची काच वेगळी आहे, ह्यात तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसतो असं वाचलंय. दुसरा आला आणि टाचणीचं टोक काही दिसलं नाही. मग तिसरा. प्रत्येक नवीन डबी ते हात धुऊन, कोरडे करून उघडायचे, आणि त्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायचे. तो उत्साह मला आवडायचा. माणूस चाळिशीनंतर कशावर इतका खूश होतो? मी हात पुसत जायचे. आता त्याच डब्या मी एकेक करून टेबलावर मांडल्या. तेवढ्यात मुलाचा फोन आला की तो रविवारी येतोय, खगोल मंडळाचे अध्यक्षही येतील, सगळं एकत्रच नेऊ.

हे सगळं म्हणजे काय ते आमच्यात तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, म्हणजे त्यांच्यात ठरलं होतं. खगोल मंडळाच्या नव्या जागेत प्राध्यापकांच्या नावाचं दालन होणार, तिथे काचेच्या कपाटात त्यांची दुर्बीण आणि त्यांचा संपूर्ण संग्रह, एकही नग न हलवता, आणि वर पाटी: ह्या दुर्बिणीतून त्यांनी अठराशे नोंदी केल्या. अध्यक्षांनी ही कल्पना काढली, मुलाला ती आवडली, आणि मी हो म्हटलं असं दोघंही सांगतात. मी हो म्हटलं नव्हतं. मी चहा टाकायला आत गेले होते, आणि मी परत येईपर्यंत ते गृहीत धरलं गेलं होतं. ह्या घरात माझ्या बऱ्याच गोष्टी मी आत गेलेली असताना ठरल्या आहेत. फोनवर मुलगा म्हणाला की आई, तुलाही जरा मोकळं वाटेल, ते कपाट रिकामं झालं की तुझं शिवणाचं सामान ठेव. मी गेली वीस वर्षं शिवलेलं नाही. मी म्हटलं, ये तू रविवारी.

मी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. मोजणी कुणी दुसऱ्याने केलेली, आरेखन तिसऱ्याचं, मी पारदर्शक कागदावर त्यांच्या रेषा शाईने गिरवायच्या. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणी करणाऱ्याचं नाव असे, आरेखकाचं असे, ट्रेसरचं नसे. तीस वर्षं हे करून मला वाईट वाटलं नाही, कारण रेष चुकली की ती मलाच आधी दिसे, आणि चुकलेली दिसणं हे नाव असण्यापेक्षा मला मोठं वाटे. साहेब म्हणत, बाईंच्या डोळ्याला तोड नाही. हे सांगायचं कारण असं की आमच्या मंडळातही अशीच एक रीत आहे. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्याने मधे मधे उजेडातल्या कागदाकडे पाहिलं तर अंधाराला सरावलेला डोळा बिघडतो, म्हणून तो डोळा नळीवरून काढत नाही, जे दिसेल ते बोलत जातो, आणि लिहिणारा पाठ फिरवून लाल दिव्यापाशी बसतो. नोंदवहीत दोन रकाने छापलेले असतात, निरीक्षक आणि लेखनिक. पहिल्या पानावर पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी निरीक्षकापुढे स्वतःचं नाव घातलं, लेखनिकापुढे माझं, आणि त्याखाली पानोपान, वहीमागून वही, वरीलप्रमाणे. पहिली दोन-तीन वर्षं ते खरंही होतं. ते बघायचे आणि थोडं चाचरत बोलायचे, पसरट, धूसर, शेपटीसारखं काहीतरी, आणि मी लिहायचे. मग एके संध्याकाळी ते म्हणाले, तू बघ गं जरा, मला आज नीट लागत नाही. मी स्टुलावर बसले. आजवर जे मी पसरट म्हणून लिहिलं होतं ते सगळं तिथे टोकदार होतं. मी बोलत गेले आणि ते लिहीत गेले, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना नीट लागलं नाही, आणि मग ते लागणं सुटूनच गेलं. रकाना मात्र वरीलप्रमाणेच राहिला.

तीन दिवस मी त्या डब्यांतून निवड करत होते. दुपारी गच्चीवरून लांबच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलेला आकडा बघायचा, एकेका आयपीसमधून, आणि दिवेलागणीनंतर तासभर आकाशातलं जे काही दिसेल ते. डोळा लावायचा, कडेपर्यंत काय दिसतं ते बघायचं, आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा मी हाताने उचलते का? कागदावरचे गुण मी विचारात घेतले नाहीत. बेचाळीसचा गेला. चारी दहाचे गेले, कारण हात त्यांच्याकडे जातच नाही. नऊचे, सहाचे, पाचाचे गेले; असे बारीक आयपीस प्राध्यापकांचे लाडके, कारण बारीक आयपीसमधून त्यांना थोडं बरं दिसायचं. का बरं दिसायचं ते मला ठाऊक होतं. तीसचा राहिला, कारण तो बरोबर पाचाची चकती देतो आणि माझ्या डोळ्याला थेंबभरही सांडत नाही. सातचा राहिला, चंद्राच्या डोंगरांसाठी. आणि तेराचा राहिला, ज्याची काच रुंद आहे, डोळा जरा लांब ठेवला तरी सगळं दिसतं. तिन्ही आयपीस हातात मावले. उरलेले अठ्ठावीस डब्यांत परत घालताना मला वाईट वाटेल असं मी धरून चालले होते, आणि वाटलंही, पण काचांबद्दल नाही. चिठ्ठ्यांबद्दल वाटलं. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी आशेने काहीतरी लिहिलं होतं. ह्यात कडा स्वच्छ असाव्यात. ह्यात शेपूट येऊ नये. शेपूट येऊ नये हे नऊ चिठ्ठ्यांवर होतं.

आता हे सांगितलंच पाहिजे. नववा आयपीस आला त्या संध्याकाळी ते म्हणाले, ह्यातही शेपूट आहे, वरून खाली. मी बघितलं तर काही नव्हतं, स्वच्छ ठिपका. मी आयपीस नळीतल्या नळीत अर्धा फिरवला आणि म्हटलं, आता बघा. शेपूट तसंच, वरून खाली. म्हणजे काचेत खोट असती तर शेपूट काचेबरोबर फिरलं असतं. मग मी म्हटलं, मान जरा कलती करून बघा, शेजारच्या खिडकीचा उजेड येतोय. त्यांनी मान कलती केली आणि म्हणाले, अरे वा, आता तिरपं झालं. ही काचच भिकार आहे. आणि आठ दिवसांत दहावा आला. शेपूट त्यांच्या डोळ्यातलं होतं: त्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा मोठा नंबर होता, म्हणजे डोळ्याचा पुढचा पडदाच एका बाजूने वाकडा, त्यात ठिपका रेघेसारखा ओढला जातो. दिवसभर ते चष्मा लावत आणि दुर्बिणीपाशी आले की काढून खिशात ठेवत, कारण मंडळात सगळे तसंच करतात. अध्यक्ष नव्या सभासदाला पहिलं वाक्य तेच शिकवतात: चष्मा काढा, दुर्बीण हाच तुमचा चष्मा. साध्या नंबराला ते खरं आहे, नळी मागेपुढे केली की भागतं. सिलिंडरला भागत नाही; फार तर बारीक आयपीसची चकती लहान असल्याने शेपूट जरा आखडतं. मी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले, म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं. चष्मा लावून बघा, एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं. आधी वाटलं, माणूस हिरमुसेल. मग वाटलं, अध्यक्षांसमोर त्यांची फजिती होईल. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं पुरवली. खरं कारण मला पहिल्या रात्रीच माहीत होतं. त्यांनी चष्मा लावला असता तर त्यांना दिसलं असतं, आणि त्यांना दिसलं असतं तर मी पुन्हा आकाशाकडे पाठ करून लाल दिव्यापाशी बसले असते. मला बघायचं होतं. तेवीस वर्षं मी मूग गिळून गप्प बसले आणि पोटभर बघितलं. त्याच्या बदल्यात कपाटात आणखी बावीस डब्या आल्या.

रविवारी अध्यक्ष मोजपट्टी घेऊनच आले. चप्पल काढता काढता त्यांची नजर कोपऱ्यातल्या दुर्बिणीकडे गेली आणि पट्टीची टेप सर्रकन बाहेर. साडेपाच फुटांची काच लागेल, असं ते माझ्या मुलाला म्हणाले, मला नव्हे. मग टेबलाशी बसून त्यांनी डब्या मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले की वहिनी, ह्यात तीन कमी आहेत. कमी नाहीत, मी म्हटलं, तीन माझ्याकडे आहेत. हे अठ्ठावीस न्या आणि काचेत नका ठेवू, सभासदांना घरी वापरायला द्या. आणि टेप आत घ्या, दुर्बीण जाणार नाही.

ते मोठ्याने हसले नाहीत, तेवढे ते सभ्य आहेत. संग्रह म्हणजे संग्रह असतो, त्यातले तीन काढले की उरते ती भांडीकुंडी, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी म्हटलं की मग भांडीकुंडी म्हणूनच वापरा, निदान घासली तरी जातील. मुलगा खुर्चीत चुळबुळला. अध्यक्ष म्हणाले की तुम्हाला दुःखातून असं वाटतंय, होतं असं, आणि तुमचा सहभाग काही आम्ही विसरणार नाही, लेखनिक म्हणून तुमचं नाव पाटीवर ठळक अक्षरात येणार आहे.

"मी लेखनिक नव्हते," मी म्हटलं.

"वह्यांमध्ये तसं आहे, वहिनी."

"वह्यांमध्ये चुकीचं आहे. सुरुवातीच्या दोनेकशे नोंदी सोडल्या तर नळीला डोळा माझा होता. ते लिहीत होते. अक्षर बघा, अक्षर त्यांचं आहे."

अध्यक्षांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई." नुसतं आई, लहानपणी तो दुकानात मी घासाघीस करायला लागले की म्हणायचा तसंच. आता पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांना दिसतच नव्हतं. ते टाकलं असतं की सगळं सिद्ध झालं असतं, एकतीस डब्यांची रांगच माझ्या बाजूने साक्षीला उभी राहिली असती. पण मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसासमोर मी माझ्या नवऱ्याचा डोळा उघडा पाडणार नव्हते. तेवढं मी त्यांचं देणं लागत होते. मी एवढंच म्हटलं की अक्षराखेरीज पुरावा नाही, माझा शब्द आहे, तुमच्या कार्यकारिणीपुढे ठेवा, आणि ठेवायचा नसेल तर पाटी कोरी ठेवा. तीन आयपीस आणि दुर्बीण इथेच राहील. चहा निवत होता तो त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला. अठ्ठावीस डब्या मात्र दोन पिशव्यांत भरून नेल्या. अपूर्ण संग्रह नको म्हणणाऱ्या माणसाला पिशवी न्यायला संकोच वाटला नाही.

दार लागल्यावर मुलगा बोलू लागला, आणि तो दोन तास थांबत थांबत बोलत होता. सवय नसलेल्या माणसाचा राग असाच येतो, तुकड्यातुकड्याने. मी अध्यक्षांचा अपमान केला. बाबांनी आयुष्यभर जीव टाकून जमवलं ते मी एका आठवड्यात वाटून टाकलं. आणि वर त्यांचं काम माझं म्हणून सांगितलं, ते हयात नसताना. हे शेवटचं त्याने हळू आवाजात म्हटलं म्हणून ते जास्त लागलं. मी भांडी आवरत होते. मी म्हणू शकले असते की तू होस्टेलवर होतास, तुला काय माहीत, पण ते खरं असूनही कामाचं नव्हतं. तो म्हणाला, "तुला बाबांचं काहीच ठेवायचं नाही का?" खिडकीबाहेर उजेड उतरत होता. मी तेराचा आयपीस घेतला, त्याला दुर्बिणीचं बूड धरायला लावलं, आणि आम्ही दोघं ती गच्चीवर घेऊन गेलो.

पहिले तारे उगवले होते. मी एक जोडतारा लावला, नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, दुर्बिणीत दोन, एक पिवळसर आणि त्याच्याजवळ एक निळा. माझ्या त्यावर चाळीस तरी नोंदी असतील. बघ, मी म्हटलं. तो वाकला, आणि वाकता वाकता त्याचा हात आपसूक वर गेला, चष्मा निघाला आणि खिशात गेला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याने बापाला करताना पाहिलं होतं. तो नळी मागेपुढे करत राहिला. पसरट दिसतंय, तो म्हणाला, शेपटीसारखं काहीतरी आहे. आयपीसमध्ये काहीतरी खोट आहे, आई.

"चष्मा लाव," मी म्हटलं. "चष्मा लावून बघ."

त्याने चष्मा लावला. तेराच्या काचेला डोळा जरा लांब ठेवला तरी चालतो. तो पुन्हा वाकला, एकदा नळी फिरवली आणि मग हात खाली सोडला. खालून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला कुकर वाजला. "दोन आहेत," तो म्हणाला. डोळा न काढता त्याने विचारलं, "बाबा नेहमी चष्मा काढूनच बघायचे ना?"

"हो."

"त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"मला ठाऊक होतं. नवव्या आयपीसपासून. मी सांगितलं नाही." पुढचंही मी सांगून टाकलं. "सांगितलं असतं तर मला बघायला मिळालं नसतं."

तो सरळ झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली केली नाही. माफी मागावी असं मला वाटत होतं, पण ती माझ्या मुलाकडे मागायची नव्हती, आणि ज्यांच्याकडे मागायची त्यांना सांगितलं असतं की मी पुन्हा तसंच करेन, तर ती माफी कसली? तो वळला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. त्याचे खांदे अगदी बापासारखे आहेत. मी त्याला हाक मारली नाही. स्टूल ओढलं, बसले आणि डोळा लावला. एवढ्यात जोडतारा कडेला सरकला होता, मी नळी बोटभर ढकलून तो मधे आणला. आणि मला शेपूट दिसलं. वरून खाली, पसरट, एकाचं दुसऱ्यात मिसळलेलं, त्यांनी तेवीस वर्षं जसं सांगितलं होतं अगदी तसं. मला रडू आलं होतं. हे असं दिसायचं त्यांना, आणि तरी ते रोज वर यायचे. मी पदराने डोळा कोरडा केला, नीट कोरडा केला, आणि पुन्हा लावला. दोन होते.